लिलीसचं देणं

२६ जुलै १८९९. दोमिनिकन प्रजासत्ताकाच्या उत्तरेकडचं सिबाओ खोरं आणि त्यातलं मोका हे गाव. राष्ट्राध्यक्ष उलिसेस अरो एका व्यापाऱ्याच्या दुकानातून बाहेर पडत होता. लोक त्याला लिलीस म्हणत. तेवढ्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांपैकी एक होता हाकोबितो दे लारा, दुसरा रामोन कासेरेस. त्या क्षणी लिलीस एका भिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवत होता, असं त्या देशात अजून सांगतात. गोळीबारात तो भिकारीही मेला, असं सांगतात.

किस्सा रंगतदार आहे. पण हुकूमशहा राजधानी सोडून मोक्यासारख्या गावात कशाला आला होता, ते त्यात नाही. तो पैशासाठी आला होता. त्याच्या सरकारने छापलेल्या नोटांना किंमत उरली नव्हती आणि त्या हातात घेऊन बसलेले सिबाओतले व्यापारी खवळले होते. त्यांची समजूत काढायची आणि जमलं तर त्यांच्याकडूनच आणखी काही रक्कम उचलायची, असा त्याचा बेत होता. राज्य करण्याची त्याची तऱ्हा पहिल्यापासून हीच होती. बारा वर्षं ती चालली आणि तेराव्या वर्षी मोक्याच्या रस्त्यावर संपली.

लिलीस संपला, पण त्याचं देणं संपलं नाही. पुढची ४८ वर्षं ते देशाच्या डोक्यावर होतं. त्याने दोन राष्ट्राध्यक्षांची झोप उडवली, अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला नवं कलम दिलं, परकी फौज देशात आणली आणि शेवटी लिलीसहून कितीतरी भयंकर अशा दुसऱ्या हुकूमशहाला मिरवायला एक बिरुद मिळवून दिलं. लिलीस चांगला की वाईट, यावर दोमिनिकन लोक आजही भांडतात. एक बाजू म्हणते, त्याने शांतता दिली, रेल्वे आणली, राजधानीत विजेचे दिवे लावले. दुसरी म्हणते, त्याने माणसं मारली आणि देश गहाण टाकला. कर्जाचा माग काढत गेलं की या दोन्ही बाजू एकाच वहीतल्या नोंदी वाचताहेत असं दिसू लागतं.

या देशात सरकारचं उत्पन्न म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हिस्पानिओला बेटाच्या पूर्वेकडचा मोठा भाग म्हणजे हा देश, पश्चिमेला हैती. एकोणिसाव्या शतकात इथे सांगण्याजोगा जमीन महसूल नव्हता, प्राप्तिकर नव्हता. होती ती बंदरांवरची जकात. पुएर्तो प्लाता, सांतो दोमिंगो आणि इतर काही बंदरांत माल उतरे आणि चढे, त्यावर पैसा मिळे. सिबाओची तंबाखू जर्मनीत जाई, पुढे कोको आणि कॉफी, आणि दक्षिणेत साखर. जकात कचेरी ज्याच्या हाती, तो सरकार. म्हणून तिथलं बंड राजधानीकडे कूच करण्याआधी बंदराकडे धावे.

असं उत्पन्न तारण ठेवायला फार सोपं असतं. सावकाराला शेत मोजायला जावं लागत नाही, कुळं शोधावी लागत नाहीत. एका इमारतीत एक कारकून बसवला की वसुली सुरू.

लिलीसच्या कर्जाचे पूर्वज दोन, आणि दोघांवरही बुएनाव्हेंतुरा बाएस या राष्ट्राध्यक्षाचा शिक्का आहे. पहिला कागदी पैशाचा. १८५७ मध्ये बाएसच्या सरकारने भरमसाट नोटा छापल्या आणि त्याच्या माणसांनी त्या सिबाओत नेऊन तंबाखू खरेदी केली. नोटांचा पूर आला आहे हे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला कळेपर्यंत माल हातचा गेला होता. त्याच जुलैत सिबाओ बंड करून उठलं. मोक्याच्या गोळ्यांमागे जी चीड होती ती लिलीसच्या जन्माआधीची नसली, तरी तो शेंबडा पोर होता तेव्हापासूनची नक्कीच होती. त्याचा जन्म १८४५चा, पुएर्तो प्लाताचा.

दुसरा पूर्वज लंडनचा. १८६९ मध्ये बाएसने हार्टमाँट नावाच्या माणसाशी ४ लाख २० हजार पौंडांच्या कर्जाचा करार केला. त्यातले १ लाख पौंड हार्टमाँटची दलाली. परतफेड पंचवीस वर्षं, दरसाल ५८ हजार ९०० पौंड. गुणाकार वाचकाने स्वतः करून पाहावा. देशाच्या हाती प्रत्यक्षात पडले सुमारे ३८ हजार पौंड. बाएसला त्याची फिकीर नव्हती, कारण त्याला देशच अमेरिकेला विकायचा होता. राष्ट्राध्यक्ष ग्रँट तयारही होते, तसा तह झाला, पण १८७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटने तो फेटाळला. देश विकला गेला नाही आणि कर्ज मात्र राहिलं. करार रद्द झाल्याचं दोमिनिकन बाजूने सांगितल्यावरही लंडनच्या बाजारात त्याचे रोखे विकले जात होते. थोड्याच वर्षांत हप्ते थांबले आणि या देशाचं नाव युरोपच्या बाजारात नासलं.

मग पैसा आणायचा कुठून? घरच्या सावकारांकडून. बंदरातल्या व्यापाऱ्यांनी पतमंडळं काढली. सरकारला आज रोख द्यायची आणि बदल्यात उद्याची जकात घ्यायची. व्याज वर्षाचं नव्हे, महिन्याचं ठरे. या उद्योगातून पुढे आलेली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: कोस्मे बात्ये आणि इटलीहून आलेला हुआन बाउतिस्ता विसिनी. विसिनी साखरेतही मोठा होता. लिलीसच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या सरकारचा देशातला सर्वांत वजनदार सावकार तोच.

लिलीस वर आला तो तलवारीच्या जोरावर. वडील हैतीचे, आई कॅरिबियनच्या छोट्या बेटांकडची, घरची गरिबी. स्पेनने १८६१ मध्ये हा देश पुन्हा आपल्या राज्यात घेतला, तेव्हा त्याविरुद्ध झालेल्या युद्धात तो ग्रेगोरिओ लुपेरोनच्या हाताखाली लढला. लुपेरोन उदारमतवादी, देशाचा खरा वीर, आणि लिलीस त्याचा उजवा हात. गुरूच्या आशीर्वादाने १८८२ मध्ये तो पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला आणि मुदत संपल्यावर पायउतारही झाला. १८८६च्या निवडणुकीत घोटाळा करून तो पुन्हा आला, विरोधकांचं बंड मोडलं, आणि १८८७ पासून मरेपर्यंत उठलाच नाही. तो स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी बोले, विनोद करी आणि हेर पाळी. शत्रूला आधी पैसे देऊ करी, आणि ते नाकारले तर गोळी. लुपेरोन त्याच्याविरुद्ध लढून हरला, परदेशात आजारी पडला. तेव्हा लिलीस स्वतः जाऊन त्याला परत घेऊन आला. १८९७ मध्ये लुपेरोन पुएर्तो प्लातात वारला. यात किती माया होती आणि किती राजकारण, हे लिलीसलाही सांगता आलं असतं का, मला शंका आहे.

आधी पैसे देऊ करण्याची ही रीत मुद्द्याची आहे. त्या देशात प्रत्येक प्रांतात एक सेनापती, त्याच्यामागे शे-दोनशे बंदुका, आणि दर दोन-तीन वर्षांनी एक क्रांती. लिलीसने या सेनापतींना सरकारी नेमणुका बांधून दिल्या. महिन्याच्या महिन्याला पैसे घ्या आणि घरी बसा. शिवाय गनबोटी घेतल्या. म्हणजे पैसे घेऊनही न बसणाऱ्याला गाठायला सैन्य समुद्रमार्गे लवकर पोचावं. बारा-तेरा वर्षांची जी शांतता त्याचे चाहते आजही सांगतात, ती अशी दरमहा विकत घेतलेली होती. आणि विकत घ्यायला पैसा लागे.

तो आला ॲमस्टरडॅमहून. १८८८ मध्ये वेस्टेन्डॉर्प या पेढीने ७ लाख ७० हजार पौंडांचे कर्जरोखे काढले, सहा टक्के व्याजाने. हार्टमाँटचे जुने, कुजलेले रोखे त्यातल्या एका हिश्श्यातून पाचास एक या हिशेबाने सोडवून घेतले. एवढ्यापुरता सौदा वाईट नव्हता. लिलीसच्या वतीने तो जुळवला हेनेरोसो दे मार्चेना याने, आणि त्याच्या अटीत खरी मेख होती. जकातीची वसुली आता पेढीची माणसं करणार. त्यांची स्वतंत्र वसुली कचेरी. आधी ती आपला हप्ता कापून घेणार, मग उरेल ते सरकारला. इजिप्तच्या आणि तुर्कस्तानच्या कर्जांसाठी युरोपीय सत्तांनी थोड्याच वर्षांपूर्वी अशा व्यवस्था लादल्या होत्या. इथे कुठली सत्ता नव्हती. एका खाजगी पेढीला राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या सहीने तिजोरीच्या दाराशी बसवलं.

१८९० मध्ये त्याच पेढीकडून आणखी ९ लाख पौंड घेतले. हे पुएर्तो प्लाता ते सान्तियागो रेल्वेसाठी. सिबाओची तंबाखू खेचरांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून बंदरात येई, तिथे रूळ टाकायचे. मागणी जुनी आणि खरी होती. पण पेढीचा पैसा वाटेतच आटला, थोडाच मार्ग झाला. हे रोखे शेवटी कोणाच्या हाती गेले, तर बेल्जियम आणि फ्रान्समधल्या खेड्यांतल्या लोकांच्या, चार पैसे गाठीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या. सांतो दोमिंगो हे नाव वाचून त्या भाबड्या कॅथलिकांना वाटलं, की आपण डॉमिनिकन साधूंच्या संघाला कर्ज देतो आहोत, अशी एक कथा सांगतात. खरी असो वा रचलेली, या रोख्यांच्या दोन्ही टोकांना शेतकरी होता हे तिच्यातून नीट कळतं: इकडे जकातीच्या ओझ्याखाली तंबाखू विकणारा, तिकडे पुंजी देऊन बसलेला. मधे बसलेल्यांपैकी कोणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही.

लिलीसनेही वसुली कचेरीला सरळ चालू दिलं नाही. व्यापाऱ्याकडून आगाऊ रोख घ्यायची आणि त्याला जकातीत सूट द्यायची, हा त्याचा धंदा. तेवढी जकात पेढीच्या माणसांपर्यंत पोचतच नसे. एकच उत्पन्न दोघांना गहाण. हप्ते थकले, पेढी बुडायला आली आणि तिने आपले हक्क विकायला काढले.

घेतले न्यूयॉर्कच्या मंडळींनी. सॅन डोमिंगो इंप्रूव्हमेंट कंपनी हे तिचं नाव. १८९२-९३ च्या सुमारास तिने वेस्टेन्डॉर्पची जागा घेतली. तिच्यातले ठळक पुरुष होते स्मिथ वीड, चार्ल्स वेल्स, फ्रेडरिक हॉल्स. वीड हा वकील आणि डेमोक्रॅटिक पक्षातला वजनदार पुढारी. वॉशिंग्टनला त्या वेळी दोमिनिकन किनाऱ्यावरच्या सामाना उपसागरात नाविक तळ हवा होता, त्यामुळे अमेरिकी कंपनी तिथल्या जकातीवर बसली याचं तिथे कुणाला दुःख झालं नाही. कंपनीने रेल्वे पुरी केली. १८९७ मध्ये सान्तियागोपर्यंत गाडी गेली. ती रेल्वे खरी होती, तिच्यातून कोको आणि तंबाखू खरोखर बंदरात गेली, आणि लिलीसची बाजू घेणारे तिचा दाखला देतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत.

पण कंपनीचा मुख्य धंदा रोखे काढण्याचा. १८९३ मध्ये जुने रोखे मोडून नवे, त्यानंतर आणखी, १८९७ मध्ये पुन्हा. दर खेपेला व्याजदर उतरलेला, मुदत वाढलेली, दर्शनी रक्कम फुगलेली. शेवटच्या खेपेच्या काही रोख्यांची मुदत तर शंभर वर्षांहून जास्त. नवं कर्ज काढून जुनं भागवायचं, मधला थोडा पैसा लिलीसच्या हाती, थोडा कंपनीच्या. ही टोपी फिरवण्यात लिलीस एकटा हुशार होता असं चित्र त्याचे टीकाकार रंगवतात. त्याच्यासमोर बसलेले वकील काही दुधखुळे नव्हते.

मधल्या काळात फ्रेंच बँकेचं प्रकरण झालं. फ्रेंच भांडवलावर १८८९ मध्ये तिथे राष्ट्रीय बँक निघाली होती. १८८८चा सौदा जुळवणारा मार्चेना तिच्या वर्तुळातला, आणि १८९२ मध्ये तो लिलीसविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. निवडणूक हरला, मग तुरुंगात गेला आणि १८९३च्या अखेरीस त्याला गोळी घातली. बँकेशीही सरकारचं वाजलं. कोर्टाचा निकाल पुढे करून लिलीसच्या माणसांनी तिच्या तिजोरीतून रक्कम काढून नेली. फ्रेंच युद्धनौका बंदरासमोर येऊन उभ्या राहिल्या, संबंध तुटले, शेवटी भरपाई देऊन भांडण मिटलं. ती बँकही मग इंप्रूव्हमेंट कंपनीनेच घेतली. म्हणजे आता रोखे तिचे, जकात तिच्या हाती, रेल्वे तिची आणि नोटा छापणारी बँकही तिचीच.

शेवटचा अंक नोटांचा. १८९७ मध्ये चांदीची म्हणून जी नाणी पाडली त्यांत हजार भागांत चांदी साडेतीनशे भाग. मग कागद आला. लिलीसच्या नोटा म्हणून त्या आजही ओळखल्या जातात. साखरेचे भाव पडलेले, सेनापतींच्या नेमणुका चालूच, घरचे सावकार मागे लागलेले. छापखाना तेवढा मोकळा होता. सोन्याच्या डॉलरपुढे या नोटांचा भाव विसाला एक असा घसरला. सिबाओत बाएसचं १८५७ पुन्हा अवतरलं होतं. फरक इतकाच, की या वेळी सिबाओने सैन्य जमवलं नाही. चांगल्या जमीनदार घरच्या एका तरुणाने पिस्तूल काढलं. कासेरेसच्या मनात नोटांशिवाय दुसरंही कारण होतं: त्याच्या बापाचा १८७८ मध्ये खून झाला होता आणि त्यामागे लिलीसचा हात असल्याचा संशय होता.

आता वारसांची गोष्ट.

हुआन इसिद्रो हिमेनेस राष्ट्राध्यक्ष झाला. १९०१ मध्ये त्याने कंपनीला जकातीवरून उठवलं. लोक खूश झाले. कंपनी वॉशिंग्टनला गेली. १९०३ मध्ये तिच्या हक्कांची किंमत ४५ लाख डॉलर ठरली, फेडायचं कसं ते लवादावर सोपवलं. १९०४ मध्ये लवादाने निवाडा दिला: हप्ते थकले तर अमुक बंदरांची जकात घ्या. हप्ते थकले, आणि त्या ऑक्टोबरात कंपनीचाच माणूस पुएर्तो प्लाताच्या जकात कचेरीत जाऊन बसला, या वेळी अमेरिकी सरकारचा प्रतिनिधी म्हणून. बेल्जियन, फ्रेंच, इटालियन सावकार खवळले. आमची जकात त्यांना कशी? व्हेनेझुएलाची नाकेबंदी करून जर्मनी, इंग्लंड, इटलीने नुकतीच वसुली केली होती, आणि नाकेबंदी करणाऱ्यांचं देणं आधी चुकवावं असा निकाल १९०४ मध्ये हेगच्या न्यायालयाने दिला होता. ज्याची तोफ त्याचा हप्ता पहिला, हे त्यावरून कुणालाही कळलं असतं.

डिसेंबर १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्टने आपल्या वार्षिक संदेशात जाहीर केलं, की पश्चिम गोलार्धात असा प्रसंग आला तर पोलिसी काम अमेरिका करील. शाळेच्या पुस्तकांत हे मन्रो सिद्धान्ताचं रूझवेल्टी उपकलम म्हणून येतं. एका जागतिक सत्तेच्या धोरणाचं हे तत्त्वज्ञान, आणि ते ज्या प्रसंगातून निघालं तो लिलीसच्या थकलेल्या हप्त्यांचा! १९०५च्या एप्रिलपासून अमेरिकी अधिकारी देशभरची जकात गोळा करू लागले. शंभरातले ४५ दोमिनिकन सरकारला, ५५ सावकारांसाठी न्यूयॉर्कच्या बँकेत. ४५ टक्क्यांतही सरकारच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त पैसा येऊ लागला, असं त्या व्यवस्थेचे समर्थक अभिमानाने सांगत. ते खरंही होतं. चोरी थांबली की हिस्सा वाढतो.

एकूण देणं किती, हे मोजायला रूझवेल्टने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जेकब हॉलंडर यांना पाठवलं. सगळ्यांचे दावे एकत्र केले तर सुमारे ४ कोटी डॉलर भरले. घासाघीस झाल्यावर उरले सुमारे १ कोटी ७० लाख. निम्म्याहून जास्त कर्ज हवेतच होतं. हा या साऱ्या कहाणीतला सर्वांत बोलका आकडा, आणि ‘लिलीसने देश बुडवला’ असं म्हणताना तो सहसा कुणी काढत नाही. बुडवायला जेवढं दाखवलं जात होतं तेवढं पाणीच नव्हतं. रोखेधारकांना निम्म्यावर समाधान मानावं लागलं. इंप्रूव्हमेंट कंपनीच्या रकमेला मात्र फारशी कात्री लागली नाही. जाता जाता: याच कामाबद्दल हॉलंडर यांनी अमेरिकी सरकारकडून मानधन घेतलं आणि दोमिनिकन सरकारकडूनही १ लाख डॉलर घेतले, यावरून पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये प्रश्न विचारले गेले.

१९०७ मध्ये तह झाला. न्यूयॉर्कच्या कून-लोब पेढीकडून २ कोटी डॉलरचं नवं कर्ज, जुनी सगळी त्यात गुंडाळली, आणि ते फिटेपर्यंत जकात अमेरिकेच्या ताब्यात. तिसऱ्या कलमात लिहिलं, की अमेरिकेच्या संमतीवाचून दोमिनिकन सरकारने सार्वजनिक कर्ज वाढवू नये. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता रामोन कासेरेस. हो, तोच. मोक्याला लिलीसवर गोळी झाडणाऱ्याने लिलीसच्या देण्यासाठी जकात पन्नास वर्षांच्या मुदतीने लिहून दिली. त्याला गद्दार म्हणणारे आहेत, व्यवहारी म्हणणारेही आहेत. १९११ मध्ये त्यालाही गोळी घालून मारलं.

पुढे बंडाळी, आणि तिसऱ्या कलमाचा दाखला. सरकारने परवानगीशिवाय कर्ज वाढवलं, तहाचा भंग केला, असं कारण देऊन २९ नोव्हेंबर १९१६ रोजी अमेरिकी नौदलाचे कॅप्टन नॅप यांनी देशात लष्करी अंमल जाहीर केला. आठ वर्षं अमेरिकी नौसैनिकांनी राज्य केलं. त्यांनी रस्ते बांधले, खेड्यातल्या लोकांच्या बंदुका काढून घेतल्या, पूर्वेकडच्या साखर मुलखात विरोध चिरडला आणि एक नवं राष्ट्रीय दल उभारलं. त्या दलात भरती झालेला एक तरुण म्हणजे राफाएल लिओनिदास त्रुहियो. लिलीसला सेनापती विकत घ्यावे लागत होते. त्रुहियोला ती गरजच उरली नाही, कारण खेड्यात बंदूक नव्हती आणि देशातलं एकमेव सैन्य त्याच्या हाती आलं होतं. १९३० मध्ये तो सत्तेवर बसला.

कर्ज त्रुहियोच्या फार उपयोगी पडलं. मंदीत त्याने मुद्दलाची फेड काही काळ थांबवली. १९४० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्याशी करार करून जकातीची वसुली परत घेतली आणि ‘आर्थिक स्वातंत्र्याचा पुनर्स्थापक’ ही पदवी स्वतःला लावून घेतली. सांतो दोमिंगोचं नाव तेव्हा त्रुहियो नगर होतं. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर या कराराच्या स्मरणार्थ एक दुपाखी स्तंभ उभा राहिला, तो आजही आहे. १९४७ मध्ये उरलेले ९० लाखांहून अधिक डॉलर त्याने एकरकमी भरले आणि त्याच वर्षी देशाला स्वतःची मध्यवर्ती बँक मिळाली. १९०५ पासून तिथे डॉलरच चालत होता. हार्टमाँटपासून मोजलं तर ७८ वर्षांनी देश ऋणमुक्त झाला, आणि तो करणारा माणूस कोण, तर १९३७ मध्ये सीमेवर हजारो हैतियन माणसं कापून काढायचा हुकूम देणारा.

म्हणून ‘कर्ज’ या एका कसोटीवर लिलीसला फाशी देणं मला पटत नाही. त्या कसोटीवर त्रुहियो उत्तीर्ण होतो.

पण लिलीसची बाजू घेणाऱ्यांचंही पुरतं पटत नाही. त्रुहियोच्या राजवटीनंतर काहीजण मागे वळून म्हणू लागले, की लिलीस निदान हसवत तरी होता. किश्श्यांचा पूर आहे. व्हिक्तोर दे कास्त्रो यांनी १९१९ मध्येच त्याच्या आठवणींचं आणि किश्श्यांचं पुस्तक काढलं, परक्या फौजेच्या अमलात. इतिहास माझ्याबद्दल काय म्हणेल याची मला पर्वा नाही, तो वाचायला मी असणार नाही, या अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर फिरतं. हे ऐकून लोक हसतात. मार्चेनाच्या घरचे हसले नसतील. त्याच्या काळ्या रंगावरचे आणि हैतियन बापावरचे विनोदही त्याच किश्श्यांच्या पोतडीत येतात, आणि त्याला नावं ठेवणाऱ्या जुन्या बड्या घरांच्या रागात हिशेब किती आणि रंग किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

गंभीर इतिहासलेखनात तराजू हळूहळू हलला. समनर वेल्स या अमेरिकी मुत्सद्द्याने १९२८च्या आपल्या मोठ्या ग्रंथात लिलीसला काळाकुट्ट रंगवलं. ज्या सरकारने त्या देशावर आठ वर्षं फौज ठेवली, त्याच्या माणसाला तसं चित्र सोयीचं होतं. १९८०च्या दशकात हाइमे दोमिंगेस आणि मू-किएन सांग यांनी राजवटीची यंत्रणा तपासली: कोणाला किती दिलं, कोणाकडून किती घेतलं. २००२ मध्ये सायरस व्हीझर यांनी न्यूयॉर्कच्या कंपनीची कागदपत्रं उलगडून दाखवलं, की रूझवेल्टच्या धोरणाची वाट एका खाजगी कंपनीच्या दप्तरातून जाते. त्यानंतर केवळ लिलीसपुरतं बोलून भागेनासं झालं.

एक दाखला मला या वादात हटकून हवासा वाटतो. १८९८ मध्ये पॅरिसला स्पेन आणि अमेरिका तह करायला बसले, तेव्हा क्यूबावरचं कर्ज कोणी घ्यायचं हा प्रश्न निघाला. अमेरिकेने ते घ्यायला नकार दिला, क्यूबाच्या माथीही मारू दिलं नाही. युक्तिवाद असा, की हे कर्ज क्यूबाच्या लोकांवर त्यांच्या संमतीवाचून लादलेलं आहे आणि त्यांच्याच विरोधात वापरलेलं आहे. लोकांना विचारून काढलेलं नाही आणि त्यांच्या हिताला खर्चलेलं नाही, अशा कर्जाला पुढे कायद्याच्या ग्रंथांत तिरस्करणीय कर्ज म्हणू लागले. पॅरिसनंतर सात वर्षांनी, शेजारच्या बेटावर, त्याच देशाने एका हुकूमशहाचं कर्ज त्याच्या प्रजेकडून पै पै करून वसूल करायला आपला अधिकारी नेमला. तिथे तोटा स्पेनचा होता, इथे न्यूयॉर्कचा झाला असता.

लिलीसची कबर सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये आहे. देशात त्याच्यावर चरित्रं निघतात, वर्तमानपत्रांत दर जुलैत लेख येतात, आणि तो वीर की खलनायक हे ठरत नाही. स्मिथ वीड १९२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या प्लॅट्सबर्ग गावी, त्या भागातला प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून, पिकल्या वयात वारला. सांतो दोमिंगोत त्या वर्षी गव्हर्नर होते अमेरिकी नौदलाचे रिअर ॲडमिरल थॉमस स्नोडन.